गॅरेजमधलं नागरिकशास्त्र

सरांच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली, त्यांच्या ग्रीन कार्डाची झेरॉक्स असायची. अजूनही असेल, मी हल्ली त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. घराला आग लागली तरी फ्रीज जळत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दुसरी झेरॉक्स देवघराच्या ड्रॉवरमध्ये, तिसरी मुलाच्या ऑफिसात आणि चौथी माझ्याकडे. मी कोण, तर चार घरं सोडून राहणारी शेजारीण. पण सरांचं म्हणणं, दोन घरं काही एकाच दिवशी जळत नाहीत. मूळ कार्ड मात्र अंगावर. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, बंडीला आतून एक कापडी खिसा शिवून दिला होता आणि वर टिचबटण लावलं होतं. अंघोळीच्या वेळी ती बंडी शॉवरसमोरच्या हुकावर, नजरेच्या टप्प्यात टांगलेली असे.

सरांना भीती होती, की एक दिवस या देशातून आपल्याला काढून लावतील. ही नुसती म्हातारपणाची भीती नव्हती. तिला कारण होतं आणि ते मी सांगणार आहे. त्यात माझाही हात आहे, म्हणूनच सांगायचं.

सर मूळचे वर्ध्याकडचे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं. आता नागरिकशास्त्र म्हणजे काय, तर इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली वीस मार्कांची पानं. आमच्या पुण्याच्या शाळेत तो तास बाई स्वेटर विणण्यात घालवायच्या. सर मात्र तेवढ्या पानांवर जगले. निवृत्त झाल्यावर मुलानं दोघांना टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आणलं, ग्रीन कार्ड काढून दिलं, आणि इतर आजोबांसारखे तळ्याभोवती चकरा मारण्याऐवजी सरांनी लायब्ररीतून अमेरिकेच्या घटनेची एक चिमुकली पुस्तिका आणली. सहा महिन्यांत ती पाठ. वर्षाच्या आत त्यांनी गॅरेजमध्ये वर्ग सुरू केला. शनिवारी सकाळी दहा वाजता. ज्यांना अमेरिकेचं नागरिक व्हायचंय आणि त्या परीक्षेची धास्ती आहे, त्यांनी यावं.

मी गेले कारण मलाही धास्ती होती. गॅरेजमध्ये आठ घडीच्या खुर्च्या, एक फळा, खडू, डस्टर आणि हजेरीपट. सर हजेरी घेत. पन्नाशीचे कंपन्यांतले डायरेक्टर लोक "हजर सर" म्हणत. गॅरेजचं शटर मात्र पूर्ण खाली. टेक्सासच्या जुलैत बंद गॅरेजमध्ये काय होतं ते सांगायला नको. कुणी कुरकुर केली की सर म्हणत, "फिलाडेल्फियाले घटना लिहायला बसले तेव्हा ऐन उन्हाळा होता. बाहेर पहारे, खिडक्या बंद. का बरं?" आम्ही रुमालानं मान पुसत असू. "कारण ते भ्यायले होते! बाहेर बातमी फुटली तर काय होईल म्हणून भ्यायले होते. तुम्हाला पंख्याची पडली आहे."

ही त्यांची आवडती मांडणी होती. अमेरिकेची घटना प्रेमातून लिहिलेली नाही, भीतीतून लिहिली आहे, असं ते म्हणत. राजाची भीती, झुंडीची भीती, मोठ्या राज्यांना छोट्यांची आणि छोट्यांना मोठ्यांची. आले होते जुन्या कराराची डागडुजी करायला आणि उठले ते नवीनच घर बांधून. अध्यक्षावर संसद, संसदेवर अध्यक्षाचा नकाराधिकार, दोघांवर न्यायाधीश. प्रत्येकाच्या मागं एक भीती लावून दिली. "ज्याले कशाचीच भीती नाही," सर डस्टर आपटून सांगत, "त्याच्या हाती शिक्का देऊ नये."

सिनेट त्यांनी आम्हाला लग्नाच्या आमंत्रणावरून समजावलं. भावकीतलं घर दोन माणसांचं असो की वीस, प्रत्येक घराला आमंत्रणं दोनच. तसं प्रत्येक राज्याला सिनेटर दोनच. आणि आपल्याकडे आधी देश उभा राहिला, मग राज्यं पाडली. इथं आधी राज्यं होती, त्यांनी बसून देश केला. म्हणून इथं लायसन्सपासून मतदार यादीपर्यंत सगळं राज्याच्या हातात, आणि माणसाला देशात ठेवायचं की नाही ते मात्र केंद्राच्या हातात. "या दोन हातांच्या मधात सापडू नका," असं ते बजावत. आम्ही ते लिहून घेत असू.

घरातही हेच. काकू साखरेवर नकाराधिकार वापरत. पण घरातल्या तीन मतांपैकी दोन मिळाली की नकार मोडता येतो, असा सरांचा युक्तिवाद. नातीला फितवून ते जिलेबीचा ठराव पास करून घ्यायचे. नात मान वर न करता म्हणायची, "आजोबा, दॅट्स सो नॉट हाऊ इट वर्क्स," आणि तरी हात वर करायची.

असा माणूस हसरा वाटतो. पण रस्त्यानं पोलिसांची गाडी गेली की सर जागच्या जागी उभे राहत आणि टोपी काढून हातात घेत. फ्रिस्कोत महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी वादळाच्या भोंग्याची चाचणी होते. चाचणी आहे हे त्यांना ठाऊक असे, कॅलेंडरवर खूण असे, तरी ते कागदांची फाइल पोटाशी धरून कपाटात जाऊन बसत. काकू बाहेरून म्हणत, "झालं जी, या आता." ते बराच वेळ येत नसत.

आणखी एक खोड होती, तिचा मला फार राग येई. ओळखीपैकी कुणीही ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात निघालं की सर बरोबर जायचे. माझ्या नूतनीकरणाला आले होते. खिडकीवरच्या बाईनं पत्ता विचारला, उंची विचारली, अवयवदान करणार का विचारलं, आणि त्याच सुरात विचारलं, मतदार म्हणून नाव नोंदवायचंय का? मी तोंड उघडण्याआधी मागून सर ओरडले, "नो व्होटिंग, मॅडम! शी इज नॉट सिटिझन! नो व्होटिंग!" अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. एका सिक्युरिटीवाल्यानं कमरेचा पट्टा सारखा केला. गाडीत मी सरांना ताडताड बोलले. म्हटलं, "सर, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? मला येतं नाही म्हणायला." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मलेही येत होतं."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते.

सर इथं आले त्या पहिल्या वर्षी ते ओळखपत्र काढायला एकटेच त्या ऑफिसात गेले होते. बाईचं टेक्सासी इंग्रजी निम्मं कळलं, निम्मं नाही. सरकारी माणसानं विचारलं की "येस मॅडम" म्हणायचं, ही नोकरीतली सवय. त्यांनी सगळ्यालाच येस म्हटलं आणि दाखवलं तिथं सही केली. दोन महिन्यांनी पोस्टानं मतदार कार्ड आलं. त्यावर त्यांचं नाव.

इथं दुसरा कुणी थबकला असता. सर थबकले नाहीत, कारण त्यांनी तीस वर्षं निवडणुकीची ड्यूटी केली होती. आपल्याकडे मास्तर घरोघर फिरून यादी करतात, सरकार तपासतं, हरकती मागवतं, आणि मगच नाव येतं. सरांनी स्वतः भर उन्हात अशा याद्या केल्या होत्या. यादीत नाव आहे म्हणजे तपासून घातलेलं आहे, आणि यादीत नाव असलेल्याला मतदानापासून कुणीही अडवू शकत नाही, हे त्यांनी कितीतरी बूथवर दांडग्या लोकांना तोंडावर सुनावलं होतं. आता सरकारनंच यादीत घातलं म्हटल्यावर न जाणं म्हणजे कर्तव्यात कसूर. स्कूल बोर्डाची निवडणूक होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते चालत लायब्ररीतल्या मतदान केंद्रावर गेले, मत दिलं आणि शाई लावून घ्यायला डाव्या हाताचं बोट पुढं केलं. तिथल्या आजींना काही कळेना. त्यांनी बोटावर 'मी मत दिलं' असा एक स्टिकर चिकटवून दिला.

पुढं वर्गाची तयारी करताना त्या परीक्षेच्या प्रश्नांत सरांनी वाचलं, की मतदान हा फक्त नागरिकांचा हक्क आहे. ग्रीन कार्डवाल्यानं मत देणं हा गुन्हा. यादी इथं कुणी तपासत नाही, सही करणाऱ्यानंच तपासायची असते. त्याच दुपारी त्यांनी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीला पत्र लिहिलं, मी नागरिक नाही, माझं नाव काढा. नाव निघालं. पण पत्र राहिलं, मतही राहिलं, कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये. तेव्हापासून बंडीला खिसा.

हे फक्त काकूंना माहीत होतं. मुलालाही नाही. सर दुसऱ्यांना नागरिक करत राहिले, आणि तुम्ही स्वतः अर्ज का करत नाही विचारलं, की म्हणायचे, "माझं इंग्लिश कच्चं आहे ना बाप्पा."

मुलाला हे कारण पटत नव्हतं. पंचाहत्तरीच्या आधी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, तू फॉर्म्समध्ये एक्स्पर्ट आहेस यार. बाबांचा अर्ज भरून टाक ना. ते स्वतः कधीच करणार नाहीत. बर्थडेला सरप्राइज देऊ. त्यांच्या नावाचं अकाउंट मी क्रिएट केलंय, सही मी टाइप करतो."

मी तो अर्ज जेवणाच्या सुटीत भरला, डाव्या हाताला वरणभाताचा डबा. त्यात एक पान असतं, 'तुम्ही कधी' अशा प्रश्नांचं. कधी दहशतवादी होता का, कधी कुणाचा छळ केला का, कधी तुरुंगात होता का. आमच्यासारख्या घरांत ते पान कुणी वाचत नाही. आपण कुठं काय केलंय? एकामागून एक नाही, नाही, नाही असं टिचकवत खाली यायचं. मीही आले. मतदानाचा प्रश्न अगदी वरच्याच ओळींत होता. मी तो वाचलाही नाही.

शेवटी विचारलं होतं, हा अर्ज दुसऱ्या कुणी भरून दिला आहे का? दिला असेल तर त्याचं नाव, पत्ता, सही. मी तिथंही 'नाही' केलं. हे मात्र वाचून केलं. माझा स्वतःचा अर्ज तेव्हा चालू होता आणि माझं नाव आणखी कुठल्या फाइलीत नको होतं.

बोटांचे ठसे द्यायला या, असं पत्र सरांच्या घरी आलं, त्या दिवशी सकाळी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. दार वाजलं. सर अनवाणी उभे. टेक्सासच्या तापलेल्या फूटपाथवरून चार घरं अनवाणी आले होते. हातात पत्र. आत आले, सोफ्यावर बसले आणि मला सगळं सांगितलं, लायब्ररी, स्टिकर, पत्र, सगळं. मग म्हणाले, "त्या प्रश्नाले काय लिहिलं आहे तू?"

मी अर्ज उघडला. 'नाही'च्या गोलात काळा ठिपका. ऑफिसातली मंडळी कानात माझं नाव घेत होती, मी इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

मग मुलालाही सांगावं लागलं, आणि त्यानं गाठलेले वकील म्हणाले, अर्ज मागं घेता येईल, पण आता फाइल उघडली आहे. किंवा मुलाखतीला जाऊन स्वतःहून खरं सांगा. मग प्रकरण कदाचित न्यायाधीशापुढं जाईल आणि काहीही होऊ शकेल. हल्लीच्या दिवसांत मी शब्द देत नाही, असंही वकील म्हणाले. काही झालं तर ते एकट्या सरांना होणार होतं. काकूंनी कुठं मत दिलं नव्हतं. वर्ध्याचं घर विकलेलं. या वयात तिकडं एकटे कुठं जाणार? मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाबा, 'नो'च राहू दे ना. कोण चेक करतंय?"

काकू भाजी निवडत होत्या. त्या मला म्हणाल्या, "तो उगाच बोलून राहिला. हे ऐकणार नाहीत." आणि एका बूथची गोष्ट सांगितली. सकाळी मशीनवर चाचणीची मतं टाकतात, ती पुसून मग खरं मतदान सुरू करायचं. सर त्या दिवशी केंद्राध्यक्ष होते आणि ती पुसायची राहिली. संध्याकाळी मशीनमधली मतं नोंदवहीपेक्षा जास्त भरली. ट्रक दारात उभा, पथकातले सगळे म्हणाले, सर, वहीत जुळवून टाकू, कुणाला कळतं? सरांनी कंदिलाजवळ बसून स्वतःच्याच विरुद्ध अहवाल लिहिला आणि वर सही ठोकली. चौकशी लागली, बदली झाली, दोन वर्षं चंद्रपूरच्या जंगलात काढली. "वाघाची भीती वाटे मले," काकू म्हणाल्या. "यांना नाही वाटली. आता इथं वाटून राहिली."

मुलाखतीच्या दिवशी मीच त्यांना डॅलसला घेऊन गेले. मुलाला त्यांनी येऊ दिलं नाही, तू रडशील म्हणाले. वकिलालाही नको म्हणाले, चूक माझी, वकील कशाला? गाडीत ते पूर्ण वेळ पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. नंतर लक्षात आलं, घटनेतलं ते कलम होतं, की कुठल्याही व्यक्तीला रीतसर न्याय मिळाल्याशिवाय तिचं स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. मला म्हणाले, "तिथं नागरिक असं लिहिलेलं नाही. व्यक्ती लिहिलं आहे. मी व्यक्ती तर आहे ना?" मी हो म्हटलं.

ते आत गेले आणि मी बाहेर बसले. दर वेळी दार उघडलं की मी उठून उभी राहत होते. आलेली माणसं हसत बाहेर पडत होती, फोन लावत होती. तासाभरानं सर आले. चेहरा पांढराफटक, हातात एक कागद: निर्णय आत्ता देता येत नाही.

गाडीत बसल्यावर बराच वेळ त्यांनी पट्टा लावला नाही. मग सांगितलं. प्रश्न सगळे बरोबर आले. मुलीच्या वयाची ऑफिसर होती, छान म्हणाली. मग त्यांनी मतदानाचं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. परत उचललं आणि विचारलं, अर्जात तर 'नाही' आहे. हा अर्ज कुणी भरला?

"मग?" मी विचारलं.

"मी म्हणालो, मीच भरला. चुकून."

मी लावलेली किल्ली परत काढली.

"तुझं नाव घेतलं असतं तर तुझी फाइल उघडली असती पोरी. तुझी मुलाखत झाली, आता नुसती शपथ राहिली. दोघांनी कशाले बुडायचं?" मग त्यांनी उजवा तळहात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "हा हात वर करून खोटं बोललो मी. आयुष्यात पहिल्यांदा. पण ठेवायचं नाही ते. तुझी शपथ झाली की त्या दिवशी मी पत्र लिहीन, खरं काय ते. नागरिकाले कुणी काढत नाही. तोवर तू गप्प राहा."

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला हायसं वाटलं. वाटेत मी त्यांना एका देशी दुकानात उसाचा रस पाजला. दुसरं काही सुचलं नाही.

दोन महिन्यांनी न्यायाधीशापुढं हजर राहण्याचं पत्र आलं. तारीख पुढच्या वर्षीची. वकील कागद बघून म्हणाले, आशा आहे. सरांनी स्वतःहून नाव काढायला लावलं, स्वतःहून कबूल केलं. हा माणूस खोटं बोलत नाही, यावर आपली सगळी केस उभी आहे. त्यात कुठं एक जरी खोटं सापडलं, तरी माझ्या हातात काही राहणार नाही, असं वकिलांनी बजावलं. सर मान हलवत ऐकत होते. मी खाली बघत होते.

माझी शपथ होऊन सहा आठवडे झाले. कामाच्या दिवशी, दुपारी, नवऱ्याशिवाय कुणालाही न सांगता मी जाऊन आले. फोटो काढला नाही, पेढे वाटले नाहीत. सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली आहे. सरांना कळलं तर ते त्याच दिवशी पत्र टाकतील, आणि मग त्यांना कुणी वाचवू शकणार नाही. म्हणून सांगत नाही, असं मी स्वतःला बजावते. पण त्या पत्रात माझंही नाव असणार आहे. मी कुणासाठी गप्प आहे, ते मला खरंच कळत नाही.

शनिवारी मी अजून वर्गाला जाते. गेले नाही तर त्यांना संशय येईल. परवा वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. वाळले आहेत खूप. खिशातून एक पाकीट काढून दाखवलं. म्हणाले, "पत्र लिहून ठेवलं आहे, चांगल्या अक्षरात. फक्त तारीख घालायची राहिली. आतमध्ये फार टोचून राहिलं आहे पोरी, लवकर सुटावं वाटते. आली का तुझ्या शपथेची तारीख?"

"नाही सर," मी म्हणाले, "अजून नाही."

"येईल, येईल. सरकारी काम आहे, वेळ लागते," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.